रडीचा डाव

टेकेन ३ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळताना आमच्या घरात एक नियम होता, एडी हा कॅरेक्टर घ्यायचा नाही. नियम मी केलेला आणि तो फक्त ताईला लागू, कारण मला एडी घेऊन काही जमायचं नाही आणि ताईला एडीशिवाय काही जमायचं नाही. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना आत्ताच हसू आलं असेल. एडी गोर्डो म्हणजे तो ब्राझीलचा, कापोएरा करणारा, हातांवर उभा राहून पाय गरगर फिरवणारा. लाथेची दोन बटणं, फुली आणि गोल, आलटून पालटून नुसती बडवत बसलं तरी तो असा काही फिरतो की बघणाऱ्याला वाटावं हिने सहा महिने क्लास लावलाय. ताई तेच करायची. तिचं स्क्रीनकडे धड लक्षही नसायचं, फोनवर बोलता बोलता, कंट्रोलर मांडीवर ठेवून, दोन अंगठे तबल्यासारखे चालू. आणि मी इकडे पॉल नावाचा दुसरा कॅरेक्टर घेऊन, एकेक मूव्ह वहीत उतरवून, जीव तोडून खेळणारा, पाच मिनिटांत तीनदा आडवा.

"ताई, सारखं सारखं तेच नाही मारायचं!"

"का? लागतंय ना?"

"चीटिंग आहे ते."

"बटण कंट्रोलरवरच आहे ना? मग कसली आलीय चीटिंग?"

मग मी "रडीचा डाव खडी" वगैरे ओरडायचो, ती म्हणायची रडतोयस तू आणि डाव माझा रडीचा कसा काय, आणि शेवटी कोणीतरी मोठं माणूस येऊन टीव्ही बंद करायचं. या भांडणाबद्दल मी नंतर खूप विचार केलाय, जरा जास्तच. कारण पुढे मी फायटिंग गेम सिरियसली खेळायला लागलो, रँक्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या मॅचमध्ये, रात्री जागवल्या, आणि मला कळलं की त्या वयात टूर्नामेंटवाल्यांचं तत्त्वज्ञान माझ्या तोंडात नव्हतं, ताईच्या तोंडात होतं. बटण कंट्रोलरवर आहे, मूव्ह गेममध्ये आहे, लागतेय, मग मारायची. तुला अडवता येत नाही हा तुझा प्रश्न. जगातला कुठलाही कॉम्पिटिटिव्ह खेळाडू हेच सांगेल. आणि अमुक कॅरेक्टर नको, तमुक मूव्ह नको, सारखं पकडून आपटायचं नाही, कोपऱ्यात दाबून धरायचं नाही, हे जे माझं चाललं होतं ते अस्सल कॅज्युअल. म्हणजे जी बाई फोनवर बोलत खेळत होती ती विचारांनी प्रो, आणि जो वही घेऊन बसला होता तो सोफ्यावरचा रडका.

म्हणून मला "कॅज्युअल म्हणजे कच्चा आणि कॉम्पिटिटिव्ह म्हणजे पक्का" ही वाटणी कधी पटली नाही. कॅज्युअल खेळणारी भयंकर चांगली माणसं मी पाहिलीत आणि ज्यांना धड हाडोकेन, म्हणजे स्ट्रीट फायटर गेममधला हातातून गोळा फेकायचा वार, येत नाही अशी भयंकर कॉम्पिटिटिव्ह माणसंही. खरी मेख असते ती तुम्ही एकाच गोष्टीने तिसऱ्यांदा मार खाता त्या क्षणाला. तिथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे नियम करायचा, की बाबा हे नको. दुसरी म्हणजे उत्तर शोधायचं. पहिली वाट पळपुटी आहे असं सिरियस खेळाडू म्हणतात, मीही बरीच वर्षं म्हणायचो, आणि मग लक्षात आलं की आपणही सगळे तेच करतो, फक्त आपल्या सोफ्यावर माणसं जास्त असतात.

अकुमाचंच बघा. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमध्ये तो लपवलेला कॅरेक्टर होता, गुप्त खुणेने निवडता यायचा, आणि तो इतका वरचढ होता, हवेतून असे गोळे फेकायचा, की बहुतेक स्पर्धांनी त्याला सरळ बाहेर काढलं. बटण कंट्रोलरवरच होतं की. पण सगळ्यांनी बसून ठरवलं, हा नको, हा असला तर खेळच उरत नाही. माझा एडीचा नियम वेगळा काय होता? आता कोणी म्हणेल की अकुमाला खरंच उत्तर नव्हतं आणि एडीला होतं, आणि ते बरोबरच आहे, पण मला तेव्हा ते माहीत कुठे होतं.

स्मॅश ब्रदर्समध्ये तर हे भांडण निर्मात्यांनी स्वतःच पडद्यावर मांडून ठेवलं. निन्टेन्डोचा हा गेम मुळात चौघांनी मिळून धिंगाणा घालायचा, वरून बॉम्ब पडतायत, हातोडे पडतायत, पोकेमॉनचे बॉल पडतायत, स्टेजच बुडतोय. पण २००१ मध्ये आलेल्या त्याच्या 'मेली' नावाच्या भागात लोकांनी असा वेग आणि अशा करामती शोधल्या की तो आजही स्पर्धांमध्ये खेळला जातो, त्यासाठी जुने जाडे काचेचे टीव्ही उचलून आणतात, कारण नव्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत जी पुसटशी दिरंगाई होते ती त्यांना खपत नाही. स्पर्धेत आयटम, म्हणजे ते वरून पडणारे बॉम्ब हातोडे, बंद, विचित्र स्टेज बंद. मग २००८ च्या ब्रॉल या पुढच्या भागात मासाहिरो साकुराई यांच्या टीमने काय केलं, तर कॅरेक्टर पळायला लागलं की अधूनमधून उगाचच पाय घसरून पडेल असं ठेवलं. कारण काही नाही. नशीब. स्पर्धावाल्यांनी कपाळ बडवून घेतलं, आणि पुढच्या गेममध्ये ते काढूनही टाकलं. तो पुढचा, २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या आणि वी यू या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आलेला, त्यात ऑनलाइन खेळायला दोन दारं होती, एकाचं नाव "फॉर फन" आणि दुसऱ्याचं "फॉर ग्लोरी". फनच्या दारातून गेलं की आयटम पडणार, स्टेज कुठलाही येणार, आणि नोंद फक्त जिंकल्याची होणार. ग्लोरीच्या दारातून गेलं की सपाट मैदान, आयटम नाही, आणि हरल्याचीही नोंद.

मला हा हरल्याच्या नोंदीचा फरक बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. आयटम बिटम ठीक आहे हो. पण हरलेलं कुठेतरी लिहिलं जातंय म्हटल्यावर माणूस वेगळा खेळतो. मी स्वतः थ्रीडीएसवर तासन्‌तास फॉर ग्लोरी खेळायचो, त्या बारक्या गोल पॅडवर अंगठा घासून घासून, आणि प्रत्येक हारीनंतर लगेच पुढची मॅच लावायचो, म्हणजे आकडा सुधारावा म्हणून, आणि मग अजून हरायचो. आणि कधीतरी वैतागून फॉर फनमध्ये गेलो की तिथे तीन अनोळखी माणसं एका कोपऱ्यात उभी राहून नुसती खाली वर उठाबशा काढत नमस्कार चमत्कार करतायत, कोणी कोणाला मारतच नाहीये, आणि जो मारेल त्याला मिळून तिघं बदडतायत. नियम कोणी लिहिला नव्हता. बोलायचीही सोय नव्हती. उठाबशांवर नियम ठरला.

बाय द वे, ज्याला आज आपण कौशल्य कौशल्य म्हणतो तो कॉम्बोच मुळात ठरवून झालेला नाही. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ वर काम चालू असताना तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या नोरिताका फुनामिझू यांना बोनस स्टेजमध्ये, तो मोटार फोडायचा असतो ना त्यात, दिसलं की वेळ बरोबर साधली तर एका फटक्याला जोडून दुसरा फटका बसतोय, मधे जागाच राहत नाहीये. सगळ्यांना हे जमणं अवघड आहे असं समजून ते तसंच ठेवलं गेलं, लपलेली गंमत म्हणून. पुढे अख्खा प्रकार त्याच्यावर उभा राहिला. म्हणजे एका अर्थी कॉम्बो ही चीटिंगच. बनवणाऱ्याच्या मनात नसलेली गोष्ट कोणाला तरी सापडली आणि कोणी नको म्हणालं नाही.

असो. माझं "उत्तर शोधणं" कसं सुरू झालं ते सांगतो, कारण ते फार लाजिरवाणं आहे. २००६ मध्ये टेकेनचा डार्क रेझरेक्शन हा भाग पीएसपी या हातात धरायच्या यंत्रावर आला आणि थोड्या काळाने तो माझ्याही हातात आला. हँडहेल्डवर फायटिंग गेम म्हणजे एक वेगळीच शिक्षा असते. पीएसपीच्या त्या डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या बटणांवर, तिरकी दिशा लागता लागत नाही, खाली दाबलं की खाली, पुढे दाबलं की पुढे, पण दोन्हीच्या मधलं लागेल तर शपथ, आणि अंगठ्याला चामडं येतं. पण फायदा असा की पांघरुणात घेऊन खेळता येतो आणि हरताना कोणी बघत नाही. कॉम्प्युटरशी खेळता खेळता एकदा मधेच पाठ खाजवायला हात काढला. आता मेलो म्हणून बघतो तर माझा माणूस उभ्या उभ्या फटके अडवतोय. मी काही दाबलेलंच नाही. परत हात काढला. परत अडवले.

टेकेनमध्ये हे असं आहे, आणि मला ते इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. काहीही न दाबता नुसतं उभं राहिलं तर उंचावरचे आणि मधले फटके आपोआप ब्लॉक होतात. फक्त खालून येणारे, पायावरचे, तेवढे लागतात, त्यांना खाली बसून अडवायचं. म्हणजे मी लहानपणी ताईसमोर जेवढं घाबरून बटणं दाबत होतो तेवढा मार खात होतो. फटका मारायला हात उचलला की ब्लॉक सुटणार आणि एडीचा पाय आत येणार. मी नुसता शांत उभा राहिलो असतो तरी निम्मे फटके वाया गेले असते. वही लिहायची गरजच नव्हती. मला त्या रात्री इतका राग आला की काय सांगू.

तिथून पुढे मी बिघडलो. फ्रेम नावाची गोष्ट कळली. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि प्रत्येक मूव्हला उठायला किती फ्रेम, लागायला किती, परत सावरायला किती, हे सगळं ठरलेलं. टेकेनमधला साधा जॅब बहुतेकांचा दहा फ्रेमचा. समोरच्याची मूव्ह मी ब्लॉक केली आणि त्याला सावरायला माझ्यापेक्षा दहा किंवा जास्त फ्रेम लागत असतील, तर माझा जॅब बसणारच, त्याने काहीही केलं तरी. याला पनिश म्हणतात. माणसाला डोळ्याने बघून बोट हलवायला साधारण बारा ते पंधरा फ्रेम जातात, त्यामुळे दहा फ्रेमचा जॅब बघून अडवणं शक्यच नाही, तो ओळखून अडवायचा. पण पायावरचा मोठा झाडू, ज्याने माणूस आडवा होतो, त्या जातीतले बरेच फटके संथ असतात, वीसच्या पुढे, ते बघून अडवता येतात. आणि अडवला की समोरचा इतका उघडा पडतो की त्याला हवेत उडवून, खाली पडू न देता, आठ दहा फटके मारता येतात.

आणि हे सगळं पाठ झाल्यावर मी ताईकडून जास्त हरायला लागलो. हे कोणी सांगत नाही. आधी मी निदान बडवत तरी होतो, आता डोक्यात आकडेमोड चालू, हिने आत्ता मारला त्याचा पनिश काय बरं, तोवर तिचे चार फटके बसलेले. आणि तिची अडचण अशी की तिलाच माहीत नाही पुढे काय येणारे, मग मला कसं कळणार. सिरियस खेळाडू सवयी वाचतो म्हणतात, पण वाचायला समोर काही लिहिलेलं तर पाहिजे. दोनेक महिने हे चाललं. मग एक दिवस सुट्टीत ताई घरी होती, तिने एडी घेतला, मी काहीच न दाबता उभा राहिलो, उभा राहिलो, उभा राहिलो, तिने खालून पाय घातला, मी बसलो, अडवला, उडवला, आणि खाली पडूच दिला नाही. मग परत. मग परत. तीन राउंड मिळून मला एक फटका बसला असेल नसेल. मी जिंकल्यावर तिच्याकडे बघितलं, मला वाटलं आता ती चीटिंग म्हणून ओरडेल. ती म्हणाली, "छान खेळतोस रे," आणि कंट्रोलर खाली ठेवून निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षं तिने तो उचलला नाही.

माझ्याशी खेळायला मग कोणीच उरलं नाही, ना भाऊ ना मित्र. सगळे म्हणायचे तू खेळ आम्ही बघतो. मग ऑनलाइन. ऑनलाइनमध्ये आपल्यासारखेच रात्री जागणारे भेटतात पण त्यांचा चेहरा नसतो, आणि नेट नीट नसेल तर खेळ म्हणजे चिखलात पळणं. आता रोलबॅकमुळे बरंच सुधारलंय, म्हणजे समोरच्याचं बटण पोचायची वाट न बघता गेम अंदाजाने पुढे जातो आणि अंदाज चुकला तर गुपचूप मागे जाऊन दुरुस्त करतो. हे ज्याने लोकांसमोर आणलं तो टोनी कॅनन, इव्हो या मोठ्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकीच एक. पण तेव्हा आमच्याकडे तसं काही नव्हतं, बटण दाबायचं, आणि कधी लागतंय याची वाट बघायची.

एका छोट्या स्पर्धेत मी एकदाच उतरलो. दोनदा हरलं की बाहेर, अशी पद्धत असते. मी दोनच मॅच खेळलो, यावरून काय ते समजा. दुसरी मॅच एका पोराशी होती, शाळेतलंच असेल, पाय जमिनीला टेकत नव्हते खुर्चीवरून. त्याने मला ज्या थंडपणे धुतला ना. आणि हात मिळवताना म्हणाला, "दादा, तुम्ही ब्लॉक केलं की दर वेळी जॅब मारता. दर वेळी. मी नुसता वाट बघत होतो." मग त्याने मला बाजूच्या रिकाम्या सेटअपवर नेऊन दाखवलं, की तुम्ही इथे जॅब मारता, म्हणून मी इथे मुद्दाम अर्ध्यात थांबतो, तुमचा जॅब हवेत जातो आणि मग मी मारतो. वीस मिनिटं शिकवत होता, त्याची पुढची मॅच पुकारली गेली तेव्हा पळाला.

मी घरी जाताना तेच डोक्यात. फ्रेम पाठ, पनिश पाठ, आणि करत होतो काय, तर ताईसारखंच, लागतंय ना मग मार. फुली गोल फुली गोल. माझी फुली गोल जरा महागड्या कपड्यांतली, एवढंच.

कॉम्पिटिटिव्ह लोकांना सगळे उगाच खडूस समजतात. इतक्या मोकळेपणाने स्वतःचं गुपित हरलेल्याला सांगून टाकणारी माणसं मला दुसऱ्या कुठल्या खेळात भेटली नाहीत. अर्सलान ॲशची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, लाहोरचा हा मुलगा २०१९ मध्ये टेकेन ७ मधली इव्हो जपान जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासची मुख्य इव्होही, तोवर बाहेरच्या जगाला त्याचं नाव फारसं ठाऊक नव्हतं. जिंकल्यावर तो म्हणत होता की आमच्याकडे माझ्या तोडीचे अजून बरेच आहेत. कोरियाचा नी, म्हणजे टेकेनमधला बाप माणूस, त्याने ते मनावर घेतलं आणि खेळायला थेट पाकिस्तानात गेला, आणि खरंच तिथल्या पोरांनी त्याला हरवलं. ती पोरं तयार कशी झाली, तर एकाच खोलीत रोज एकमेकांना हरवून. खांद्याला खांदा लावून. माझ्या आणि ताईच्या सोफ्यासारखंच, फक्त तिथे कोणी कंट्रोलर ठेवून उठून गेलं नाही.

आणि बघायला तर दोन्ही जातीची माणसं येतात. इव्हो २००४ ची ती क्लिप, स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक, जस्टिन वाँगची चुन-ली आणि दाइगो उमेहाराचा केन. केनची पट्टी जवळजवळ संपलेली, इतकी की ब्लॉक करूनही उपयोग नाही, कारण स्पेशल मूव्ह ब्लॉक केली तरी थोडंसं रक्त जातंच आणि तेवढंही त्याच्याकडे नाही. चुन-ली सुपर, म्हणजे तिचा सगळ्यात मोठा वार, सोडते, पंधरा लाथा. दाइगो एकेक लाथ पॅरी करतो, म्हणजे फटका येतो त्या क्षणाला मागे न जाता पुढे दाबायचं, चुकला तर खलास, अशा पंधराच्या पंधरा, आणि मग उलटून तोच मारून टाकतो. मी ही क्लिप ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरला नाही अशा माणसांना दाखवलीय. पॅरी म्हणजे काय हे न कळता ते उभे राहतात. मागे पब्लिकचा जो आवाज चढत जातो त्यानेच कळतं. त्या स्पर्धेची फायनल दाइगो हरला, ते कोणाच्या लक्षातही नसतं.

आता हल्ली एक नवीन भांडण चालू असतं, सोप्या कंट्रोल्सचं. स्ट्रीट फायटर ६, २०२३ चा, त्यात "मॉडर्न" निवडलं की स्पेशल मूव्ह एका बटणावर. ज्यांनी हाडोकेनसाठी खाली, तिरकं, पुढे असं वळण अंगठ्यात मुरवायला महिने घातले त्यांची चिडचिड होते. बदल्यात एका बटणाच्या स्पेशलला वीस टक्के मार कमी. खेळात आपण एखाद्या लहानग्याला कच्चं लिंबू म्हणून घेतो, पळ तू पण तुझ्यावर राज्य नाही, तसंच काहीसं, फक्त इथलं कच्चं लिंबू खरोखर आउट होतं आणि खरोखर आउट करतंही. हे काही आजचं नाही. २०११ मध्ये थ्रीडीएसवर स्ट्रीट फायटर ४ आला त्यात खालच्या टच स्क्रीनवर अख्ख्या मूव्ह चिकटवता यायच्या. त्यातला गाइल हा मुळात वाट बघणारा माणूस, मागे धरून ठेवायचं, दम धरायचा, मग पुढे आणि ठोसा, तेव्हा सोनिक बूम हा त्याचा फेकायचा वार सुटतो. आणि इथे टच स्क्रीनला बोट लावलं की सोनिक बूम. पुढे चालत चालत सोनिक बूम. मी ऑनलाइन असल्या एका गाइलसमोर तासभर हरलो आणि मला तेच शब्द आठवले, बटण कंट्रोलरवरच आहे ना. खरं सांगतो, मला मॉडर्नवाल्यांचा राग येत नाही. त्या गाइलचा अजून येतो.

गेल्या सुट्टीत ताईकडे गेलो होतो. भाच्याकडे टेकेन ८ आहे, आणि २०२४ मध्ये एडी त्यात परत आलाय. भाचा स्पेशल स्टाइल लावून खेळतो, म्हणजे इथेही तेच, एक बटण दाबलं की भारी भारी मूव्ह. त्याने मला आल्या आल्या सांगितलं, "मामा, आईचं भूत आहे माझ्याकडे." या गेममध्ये घोस्ट म्हणून प्रकार आहे, तुम्ही जसं खेळता ते बघून गेम तुमची नक्कल शिकतो आणि मग त्या नकलेशी खेळता येतं. ताई मधून मधून त्याच्यासोबत एडी घेऊन खेळायची. मला हे माहीतच नव्हतं, की ती खेळते. सगळे झोपल्यावर मी आवाज बंद करून ते भूत लावलं. हुबेहूब ती. फुली गोल, मधेच खालून पाय, मग परत खालून पाय, मी अडवून उडवला तरी उठून परत तोच पाय. मी दहा वेळा हरवलं त्याला. चीटिंग म्हणून कोणी ओरडलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बसली. माझ्या पोटात गोळा. पहिल्या राउंडला तिने खालून पाय घातला आणि माझा हात आपोआप बसला, अडवला, आता उडवायचं, आणि मी नाही उडवलं. बारीकसा ठोसा मारला आणि मागे सरलो. पुढचा पाय खाल्ला. त्याच्या पुढचाही. तिने मॅच जिंकली आणि माझ्याकडे बघितलं.

"मुद्दाम सोडलीस."

"नाही गं."

"हे बघ, रडीचा डाव याला म्हणतात. तेव्हा नव्हता माझा, आत्ता तुझा आहे."

भाचा मधे पडला. त्याने दोन मिनिटं विचार करून नियम काढला की मामाने खाली बसायचं नाही. बसला की फाउल, फाउल झाला की तो राउंड आईचा. बाकी मामाने वाटेल तसं मारायचं, अजिबात सोडायचं नाही. मी म्हटलं अरे पण तिचा अर्धा खेळ पायावरच आहे, मी बसलो नाही तर अडवू कसा? तो म्हणाला तेच तर. मी ताईकडे बघितलं, ती म्हणाली नियम चांगला आहे.

मग मी जीव तोडून खेळलो. लांब लांब राहिलो, ती पाय घालते त्याच्या आधी पोचायला बघितलं, मागे सरून तिचा पाय हवेत जाऊ द्यायचा आणि मग मारायचं असं करायला लागलो, घाम फुटला मला. पहिला राउंड जिंकलो. दुसरा हरलो, खरा हरलो. तिसऱ्यात दोघांच्या पट्ट्या एवढ्या एवढ्या उरलेल्या, भाचा सोफ्यावर उभा, ताईचा फोन वाजतोय आणि ती उचलत नाहीये, आणि तिचा एडी जरासा खाली झुकला, आणि इतक्या वर्षांची सवय, माझा अंगठा खाली मागे गेला, बसलो, अडवला, उडवला आणि संपवला.

"फाउल!" दोघं एकदम ओरडले.

"अरे पण जिंकलो ना मी?"

"बसलास तू. आम्ही बघितलं."

मी समजवायला गेलो की ताई, तू तो पाय घालायच्या आधी जरा झुकतेस ना, तेवढं जर तू...

"शिकवू नकोस," ती म्हणाली. "लाव परत."